बाळाच्या वाटीतलं पाणी आधी तपासा
केंदूर आणि परिसरातील विहीरमालकांना तातडीचं आवाहन

ज्या घरात सहा महिन्यांच्या आतलं बाळ आहे आणि पिण्याचं पाणी स्वतःच्या विहिरीचं किंवा बोअरचं आहे, त्या घरानं पुढचं काही वाचायच्या आधी एवढं ठरवावं. त्या पाण्याची नायट्रेटची तपासणी झाली नसेल, तर ते बाळाच्या पोटात जाऊ द्यायचं नाही. वाटी-चमच्यानं नाही, बाटलीनं नाही, डब्याच्या पावडरीत कालवून नाही, गाईच्या दुधात मिसळून नाही आणि गुटी उगाळायलाही नाही. अंगावर पिणाऱ्या बाळाला पहिले सहा महिने वेगळं पाणी लागतच नाही, अगदी वैशाखाच्या उन्हातही नाही. त्याला लागेल तेवढं पाणी आईच्या दुधात असतं. आईच्या पिण्यात नायट्रेटचं पाणी आलं तरी ते दुधात फारसं उतरत नाही, म्हणून अंगावरचं दूध भीतीपोटी कुणीही तोडू नये. वरच्या दुधावर असलेल्या बाळासाठी मात्र तपासलेलं पाणी आणावं, मग ते नळाचं असो की दुसऱ्याच्या विहिरीचं. दिवसाला लिटर-दोन लिटर पाण्याचा प्रश्न आहे. तेवढं पाणी शेजारून मागून आणण्यात कमीपणा कसला?

आता हे एवढ्या घाईनं का सांगावं लागतं आहे ते सांगतो.

आपल्या भागात विहिरीच्या पाण्याचं कौतुक एकाच शब्दात होतं: गोड. ‘आमच्या विहिरीचं पाणी गोड आहे, डाळ चटकन शिजते,’ असं सांगताना म्हाताऱ्या माणसाच्या तोंडावर जो अभिमान दिसतो तो खोटा नाही. केंदूर, पाबळ, कान्हूर मेसाई, धामारी हा सगळा पट्टा पर्जन्यछायेतला. इथं ज्याच्या विहिरीला मेमध्ये पाणी, त्याला गाव मानतं. वेळ नदीला पाणी नाही, थिटेवाडीचा बंधारा तळाला गेला, अशी वर्षं आपण पाहिली आहेत. अशा गावात लागलेल्या पाण्याला नावं ठेवणं जिवावर येतं. पण नायट्रेटला चव नाही, वास नाही, रंग नाही. ते पाणी गढूळ करत नाही, भांड्याला पांढरा थर धरत नाही, डाळ शिजायला आडवं येत नाही. जे पाणी आपण गोड म्हणून पाहुण्याला कौतुकानं देतो, त्यातही ते असू शकतं. तुमच्या विहिरीत ते आहेच असं माझं म्हणणं नाही. आहे की नाही हे चाखून, हुंगून किंवा उजेडात पेला धरून कळणार नाही, एवढंच म्हणणं आहे.

भारतीय मानक ब्युरोनं पिण्याच्या पाण्यासाठी जी मर्यादा घातली आहे ती लिटरला ४५ मिलिग्रॅम नायट्रेटची. मानकाचा क्रमांक आयएस १०५००. क्षारता, कठीणपणा अशा काही गोष्टींत दुसरा स्रोत नसेल तर हे मानक थोडी सूट देतं. नायट्रेटला सूट नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादाही जवळपास तीच, ५० मिलिग्रॅम. केंद्रीय भूजल मंडळाचा २०२४चा भूजल गुणवत्तेचा अहवाल सांगतो की देशभरातून घेतलेल्या नमुन्यांपैकी जवळजवळ पाचवा हिस्सा या ४५च्या वर निघाला. महाराष्ट्राचा आकडा ३५.७४ टक्के आहे. म्हणजे आपल्या राज्यात तीन नमुने घेतले की त्यातला एक नापास. वर्धा, अमरावती, यवतमाळ, बुलढाणा, बीड, नांदेड, जळगाव या जिल्ह्यांची नावं त्यात ठळक आहेत. पुणे जिल्ह्याचं नाव त्या यादीत वरच्या बाजूला दिसत नाही म्हणून सुस्कारा टाकायचं कारण नाही. निरीक्षण विहीर काही तुमच्या मळ्यात नसते. नायट्रेटचं दुखणं असं, की एका विहिरीत ते २० असतं आणि बांधापलीकडच्या विहिरीत १२०. जिल्ह्याची सरासरी बाळाच्या पोटात जात नाही, तुमच्या विहिरीचं पाणी जातं.

हे येतं कुठून, ते शेतकऱ्याला समजावून सांगायची गरज नाही, हिशेब मांडला की पुरे. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के नत्र असतं, म्हणजे २० किलोच्या थोडं वर. हे नत्र जमिनीत आधी अमोनियाच्या रूपात येतं आणि काही दिवसांत जीवाणू त्याचं नायट्रेट करतात. अमोनियाचं रूप चिकणमातीला धरून राहतं. नायट्रेट मातीला चिकटत नाही; पाणी जिकडं जाईल तिकडं तेही जातं. गोणीतलं सगळं नत्र नायट्रेट झालं तर ते साधारण ९० किलो भरतं. तेवढं नायट्रेट स्वच्छ पाण्यात मिसळलं, तर २० लाख लिटर पाणी ४५च्या रेघेला येऊन टेकतं. १० हजार लिटरचे २०० टँकर. अर्थात सगळी गोणी पाझरत नाही. पीक खातं, काही हवेत उडतं. पण चौथा हिस्सा पाझरला तरी ५० टँकर झाले. २५ फूट व्यासाच्या विहिरीत १५-१६ फूट पाणी असेल तर ते जेमतेम सव्वादोन लाख लिटर भरतं. एका गोणीची ताकद एवढी असेल, तर एकरी किती गोण्या पडतात आणि किती वर्षं पडत आल्या, हे ज्याचं त्यानं मनाशी मोजावं.

कांद्याला नत्राची शिफारस हेक्टरी १००-११० किलोच्या आसपास आहे. शिरूर-दौंडच्या ऊसपट्ट्यात आडसाली उसाला राहुरीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी ४०० किलो नत्राची आहे. ही झाली शिफारस. शेजाऱ्याचा प्लॉट हिरवागार दिसला की शिफारशीवर आणखी एक हप्ता टाकला जातो, हे आपण सगळेच जाणतो. वर मोकाट पाटपाणी. आणि खाली काय आहे? दीड-दोन हात माती, मग मुरूम, मग भेगाळलेला किंवा मांजऱ्या पाषाण. आपल्या विहिरींना पाणी येतं ते याच भेगांतून, सांध्यांतून. जिथून झरा येतो, तिथूनच रानातलं उरलंसुरलं खत येतं. जाड गाळाच्या जमिनीत पाणी गाळून निघायला जो वेळ मिळतो, तो या पाषाणात मिळत नाही.

खत एकटं दोषी नाही. गोठा विहिरीला लागून असतो, कारण जनावरांना पाणी जवळ हवं. उकिरडा गोठ्याला लागून असतो, कारण शेण लांब कोण वाहणार? शौचालयाचा शोषखड्डा घराच्या मागं आणि विहीर घराच्या पुढं, मध्ये पंचवीस पावलं. कोंबड्यांच्या शेडचं खत विहिरीच्या वरच्या अंगाला ढीग करून ठेवलेलं. ही प्रत्येक गोष्ट नत्राची आहे. आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ठिबकला वेंचुरीतून खत सोडलेलं असतं, मोटर चालू असते आणि लाइट जाते. पाइपातलं खताचं पाणी उलटं फिरून थेट विहिरीत उतरतं. लाइनवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नसेल किंवा अडकून बसला असेल, तर हे दर लोडशेडिंगला होऊ शकतं. पाझरायलाही वेळ नको, विहिरीच्या तोंडातच खत. व्हॉल्व्ह किती रुपयांचा असतो ते ठिबक बसवलेल्या प्रत्येकाला माहीत आहे.

मोठ्या माणसाला या पाण्यानं लगेच काही होत नाही. म्हणून तर ही गोष्ट दडून राहते. तान्ह्या बाळाचं वेगळं आहे. त्याच्या पोटात आम्ल कमी असतं, त्यामुळं वरच्या आतड्यात जीवाणू वाढतात आणि ते नायट्रेटचं नायट्राइट करतात. नायट्राइट रक्तात गेलं की हिमोग्लोबिनमधलं लोह बदलतं आणि त्याचं मेटहिमोग्लोबिन होतं. ते प्राणवायू पोचवू शकत नाही. मोठ्यांच्या रक्तात हे बिघडलेलं हिमोग्लोबिन पुन्हा जागेवर आणणारं एक एन्झाइम असतं. पहिल्या काही महिन्यांत बाळाकडं ते मोठ्यांच्या निम्म्याच्या आसपास असतं. त्यात बाळाचं पाणी वजनाच्या मानानं मोठ्या माणसापेक्षा कितीतरी जास्त. पाच किलोचं बाळ बाटलीवर असेल तर दिवसाला पाऊण लिटर पितं. पन्नास किलोच्या माणसानं त्याच प्रमाणात प्यायचं ठरवलं तर साडेसात लिटर होईल.

दिसतं ते असं. ओठ, नखं, तोंडाभोवतीची कातडी निळसर-करडी पडते. बाळ मलूल होतं, दूध ओढत नाही, चिडचिड करतं किंवा उलट अगदी गप्प पडतं. धाप फार नसते, ताप नसतो, छातीत घरघर नसते, तरी रंग सुधारत नाही. ऑक्सिजन लावला तरी सुधारत नाही. बोटाला लावायचं सॅच्युरेशनचं यंत्र ८५च्या आसपास अडकून बसतं. टोचून काढलेलं रक्त चॉकलेटी दिसतं आणि हवेत ठेवलं तरी लाल होत नाही. जुलाब लागलेल्या बाळाला धोका अधिक. असं काही दिसलं तर दृष्ट काढत, अंगारा लावत वेळ घालवू नका. १०८ला फोन लावा, बाळाला ग्रामीण रुग्णालयात न्या आणि डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता सांगा: ‘बाळ विहिरीच्या पाण्यावर आहे.’ निळं पडलेलं बाळ पाहिलं की कुणालाही आधी हृदय आणि न्यूमोनिया आठवतो. तुमचं ते एक वाक्य डॉक्टरांना योग्य दिशेला वळवू शकतं. यावर मिथिलीन ब्लू नावाचं इंजेक्शन आहे आणि वेळेत दिलं तर बाळाचा रंग तासाभरात पालटतो.

ही गोष्ट पहिल्यांदा ओळखली गेली तीही शेतकऱ्यांच्याच घरात. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात हंटर कॉम्ली नावाच्या डॉक्टरांनी १९४५ साली लिहून ठेवलं. मळ्यावरच्या घरातलं बाळ निळं पडून रुग्णालयात यायचं. तिथं काही दिवसांत बरं व्हायचं. घरी गेलं की पुन्हा निळं. हृदयात दोष सापडेना. शेवटी लक्ष पाण्याकडं गेलं. बाळाचं दूध घरच्या विहिरीच्या पाण्यात कालवलं जात होतं, आणि त्या विहिरी उथळ, नीट न बांधलेल्या, गोठ्या-संडासाजवळच्या होत्या. वाचताना मला आयोवा दिसत नाही, आपलाच एखादा मळा दिसतो. पुढच्या पाच-सहा वर्षांत नुसत्या अमेरिकेत अशी पावणेतीनशेच्या वर बाळं नोंदली गेली आणि त्यातली ३९ दगावली. १९५१च्या आढाव्यात हे आकडे आहेत. आज जगभर चालणारी मर्यादा त्या बाळांच्या नोंदींतून आली आहे.

आपल्या देशातही यावर काम झालं आहे. राजस्थानात डॉ. सुनील गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २६ पासून ४५९ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट असलेल्या पाच भागांतल्या माणसांचं रक्त तपासलं. १९९९मध्ये ते जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत छापून आलं. जास्त नायट्रेटच्या भागात मेटहिमोग्लोबिन केवळ बाळांत वाढलेलं नव्हतं, सगळ्या वयांत होतं. वर्षाच्या आतली बाळं आणि अठराच्या पुढची माणसं जास्त. ‘आम्ही पितोय की इतकी वर्षं, काय झालं?’ या प्रश्नाचं उत्तर तिथं आहे. होतं, पण ते निळ्या ओठांच्या आधी दिसत नाही.

मोठ्यांच्या बाबतीत आणखीही सांगण्यासारखं आहे, पण इथं मी शब्द जपून वापरणार. नायट्रेट थायरॉइडमध्ये आयोडिनच्या वाटेत आडवं येतं, हे कसं होतं ते समजलेलं आहे. पोटात नायट्राइटपासून नायट्रोसो संयुगं बनू शकतात, आणि अशी परिस्थिती असताना पोटात गेलेलं नायट्रेट माणसात बहुधा कर्करोग घडवतं, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचं वर्गीकरण आहे. डेन्मार्कमध्ये २७ लाख लोकांच्या नोंदी तपासून २०१८ साली जो अभ्यास आला, त्यात मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका मर्यादेच्या पुष्कळ खालच्या नायट्रेटलाही थोडा वाढलेला दिसला. गरोदरपणात असं पाणी पिणं आणि बाळातले काही जन्मजात दोष यांचा संबंधही काही अभ्यासांत आढळला आहे. ‘संबंध आढळला’ आणि ‘त्यानेच झालं’ यांत फरक आहे, तो मी पुसत नाही. उद्या कुणाच्या घरात कर्करोग निघाला तर विहिरीकडं बोट दाखवू नका. पण घरात गरोदर बाई असेल तर तिच्या हंड्याचं पाणीही तपासलेलं असावं, एवढं मागणं यातून निघतं.

जनावरांचंही बोललं पाहिजे. गाईच्या कोठीपोटात नायट्रेटचं नायट्राइट फार लवकर होतं. दुभती गाय दिवसाला ६०-७० लिटर पाणी पिते. त्यात दुष्काळात खुरटलेला मका, ज्वारी, बाजरी अशा चाऱ्यात नायट्रेट साठलेलं असतं. पाणी आणि चारा दोन्हीकडून आलं की गाय गाभ टाकते, कधी उभ्या उभ्या कोसळते, आणि रक्त तेच, चॉकलेटी. जनावर तसं गेलं तर डॉक्टरांना चारा आणि पाणी दोन्ही दाखवा.

आता सगळ्यात महत्त्वाचा गैरसमज. पाणी उकळलं की शुद्ध होतं, हे आपल्याला शाळेपासून शिकवलं आहे आणि जंतूंच्या बाबतीत ते खरंच आहे. नायट्रेटच्या बाबतीत उलटं होतं. पाणी वाफ होऊन जातं, नायट्रेट पातेल्यात राहतं. ५० मिलिग्रॅमचं दहा लिटर पाणी उकळून आठ लिटर उरलं तर ते ६२ मिलिग्रॅमचं झालं. ज्या आईनं बाळाच्या काळजीनं पाणी वीस मिनिटं उकळलं, तिनं नकळत ते बाळासाठी अधिक वाईट केलं. तिची चूक नाही. तिला कुणी सांगितलं नाही. म्हणून आशाताई आणि अंगणवाडीताईंना माझी हात जोडून विनंती आहे: बाळंतिणीच्या घरी गेल्यावर ‘पाणी उकळून द्या’ म्हणण्याआधी ‘पाणी कुठलं?’ हे विचारा. विहिरीचं असेल तर ‘नायट्रेट तपासलं का?’ हेही विचारा.

तुरटीनं नायट्रेट जात नाही. टीसीएल पावडरनं जात नाही. कापडानं, कँडलच्या फिल्टरनं, माठानं, तांब्याच्या हंड्यानं, अतिनील दिव्याच्या यंत्रानं जात नाही. आरओनं बऱ्याच अंशी जातं, पण पडदा वेळेवर बदलला तर. आरओतून फेकलेल्या पाण्यात ते एकवटलेलं असतं, ते पुन्हा विहिरीशेजारी सोडू नका. आणि टीडीएस मोजायचं पेनसारखं यंत्र घेऊन कुणी दारात आला आणि ‘तुमचं पाणी ३००, एकदम उत्तम’ म्हणाला, तर विश्वास ठेवू नका. ते यंत्र सगळे क्षार एकत्र मोजतं. त्यात नायट्रेट किती हे त्याला सांगता येत नाही.

तपासणी कुठं करायची? भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या पाणी गुणवत्ता प्रयोगशाळा आहेत, जिल्ह्याला आहेत आणि उपविभागांनाही आहेत. जलजीवन मिशनखाली त्या सामान्य माणसासाठी नाममात्र दरात खुल्या केल्या आहेत. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक सार्वजनिक विहिरीचे, नळयोजनेचे नमुने ठरल्या वेळी पाठवतो आणि पावसाच्या आधी-नंतर पाहणी होऊन गावाला हिरवं, पिवळं की लाल कार्ड मिळतं. ते कार्ड गावच्या सार्वजनिक पाण्याचं आहे. तुमच्या मळ्यातल्या खाजगी विहिरीवर त्या हिरव्या कार्डाची छाया पडत नाही. तिची जबाबदारी तुमची. गावोगावी महिलांना फील्ड टेस्ट किट वापरायला शिकवलं आहे. त्यातली नायट्रेटची चाचणी काही मिनिटांत रंगावरून अंदाज देते. आपल्या गावातलं किट कुणाकडं आहे ते ग्रामपंचायतीत विचारा; कपाटात पडून असेल तर बाहेर काढायला लावा. रंग गडद आला तर थांबू नका, नमुना प्रयोगशाळेत पाठवा.

नमुना घेताना एक लिटरची स्वच्छ प्लास्टिकची बाटली घ्या, कोल्ड्रिंकची नको. मोटर पाच-दहा मिनिटं चालू द्या, मग त्याच पाण्यानं बाटली तीनदा विसळून काठोकाठ भरा. वर नाव, गट नंबर, विहीर की बोअर, तारीख लिहा. सावलीत, जमलं तर बर्फात ठेवून २४ तासांच्या आत पोचवा. अहवाल हातात आला की आकड्याशेजारचे शब्द वाचा. ‘नायट्रेट’ लिहिलं असेल तर ४५ची रेघ. पण काही खाजगी प्रयोगशाळा ‘नायट्रेट-नायट्रोजन’ म्हणून देतात, तिथं रेघ १० आहे. तिथला १८ चा आकडा बघून ‘४५च्या आत आहे’ म्हणून निश्चिंत झालात तर घात होईल. तो १८ म्हणजे जवळजवळ ८० नायट्रेट.

एक तपासणी पुरत नाही. उन्हाळ्यात विहीर तळाला असताना आकडा एक असतो, आणि मृगाच्या पहिल्या चार सरींनी रानात साठलेलं खत खाली धुऊन आणलं की दुसरा. म्हणून एक नमुना पाऊस पडायच्या आत आणि दुसरा दिवाळीच्या सुमारास, पाणी वर आलेलं असताना. मधल्या काळात, पहिल्या पावसानंतरचे पंधरा-वीस दिवस, तान्ह्या बाळाच्या घरानं विशेष सांभाळावं.

आकडा ४५च्या वर आला तर विहीर बुजवायची नाही, की विकायची नाही. ते पाणी पिकाला द्या. उलट त्यात फुकटचं नत्र आहे, युरिया तेवढा कमी टाका. आंघोळ, धुणी, भांडी सगळं चालतं. फक्त पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी दुसरीकडून आणा. मग विहिरीकडं वळा: कठडा जमिनीपासून वर घ्या, भोवती सिमेंटचा ओटा करा, पावसाचं पाणी ओट्याला वळसा घालून जाईल असा चर काढा, उकिरडा उताराच्या खालच्या अंगाला हलवा, शोषखड्डा किमान पन्नास फूट दूर असू द्या. खताच्या गोण्या आणि फवारणीचे पंप विहिरीवर धुऊ नका.

खताबद्दल उपदेश करणारे खूप आहेत, मी एकच व्यवहाराची गोष्ट सांगतो. कांदा-लसूण संशोधन संचालनालय आपल्या शेजारी राजगुरुनगरला आहे, १९९८पासून. तिथले शास्त्रज्ञ नत्र हप्त्यानं द्यायला सांगतात, थोडं लागवडीला आणि उरलेलं साधारण ३० आणि ४५ दिवसांनी. त्यानंतर उशिरा टाकलेल्या युरियानं माना जाड होतात आणि बराखीत कांदा सडतो. म्हणजे जो शेवटचा हप्ता तुमचा कांदा सडवतो, तोच विहिरीत उतरतो. त्यात ना बाजारभाव ना पाणी.

काही घरांकडं खास बोट दाखवायचं आहे. शिक्रापूर, सणसवाडी, रांजणगावच्या कारखान्यांत कामाला आलेली परगावची कुटुंबं चाळींतून राहतात आणि मालकाच्या बोअरचं पाणी पितात. त्या खोल्यांत तान्ही मुलं आहेत आणि त्या आयांना बोअर कधी खोदलं, शेजारी शोषखड्डा कुठं आहे, यातलं काही माहीत नसतं. भाडं घेणाऱ्यानं पाणी तपासून त्याचा अहवाल दाराशी लावावा. टँकर भरून देणाऱ्या विहीरमालकांनीही तेच करावं. तुमच्या एका विहिरीवर उन्हाळ्यात आख्ख्या वाडीची बाळं असतात.

केंदूरच्या ग्रामसभेला माझं मागणं मोठं नाही. येत्या सभेत एक ठराव करा: पिण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या प्रत्येक खाजगी विहिरीची आणि बोअरची यादी करायची, सगळ्यांचे नमुने एकाच आठवड्यात पाठवायचे आणि आकडा कठड्यावर रंगानं लिहायचा, तारखेसह. कुणाच्या विहिरीचा आकडा जास्त निघाला म्हणून त्याची बेअब्रू होत नाही. नायट्रेट बांध पाहून थांबत नाही. त्याच्या विहिरीत आलेलं खत वरच्या अंगाच्या शेजाऱ्याच्या रानातलंही असू शकतं. कान्हूराज महाराजांच्या मंदिरात सप्ताहाला माणसं जमतात, तिथं दहा मिनिटं या विषयाला द्या. पाबळ, कान्हूर मेसाई, धामारी, करंदीच्या ग्रामपंचायतींनीही हाच ठराव उचलावा.

मृग जवळ आला आहे. बाटली आज विसळून ठेवा. नमुना पावसाआधी प्रयोगशाळेत पोचला पाहिजे. ज्यांच्या घरात पाळणा हलतो आहे, त्यांनी उद्या सकाळीच निघावं आणि अहवाल हातात येईपर्यंत बाळाचं पाणी दुसरीकडून आणावं.